तरंगत्या बर्फाचा टेकू : हिममंच, समुद्रपातळी आणि अर्थशास्त्राचे काही धडे

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या अध्यापकाने ध्रुवीय बर्फावर व्याख्यान द्यावे, याचे आपल्यापैकी अनेकांना आश्चर्य वाटले असेल. मी हिमशास्त्रज्ञ नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. तथापि, गेली काही वर्षे मी माझ्या वर्गात एक प्रश्न आवर्जून विचारत आलो आहे. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागून समुद्रावर तरंगणारा बर्फाचा प्रचंड थर फुटून वितळला, तर जगातील समुद्राची पातळी वाढेल काय?

बहुतेक विद्यार्थी तत्काळ 'होय' असे उत्तर देतात. विज्ञान शाखेतून आलेले काही विद्यार्थी क्षणभर विचार करून 'नाही' म्हणतात. ते आर्किमिडीजच्या तत्त्वाचा दाखला देतात. तरंगणारा बर्फ आपल्या वजनाइतके पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो. म्हणून तो वितळल्याने पातळीत फरक पडत नाही. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यातील बर्फाचा खडा वितळला तरी पाणी सांडत नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. खाऱ्या आणि गोड्या पाण्याच्या घनतेतील फरकामुळे समुद्राच्या बाबतीत किंचित वाढ होते, परंतु ती नगण्य असते.

दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा बरे आहे, तरीही ते अपुरे आहे. पूर्ण उत्तर असे : त्या तरंगत्या बर्फामुळे पातळी वाढणार नाही, परंतु त्याने ज्या बर्फाला जमिनीवर अडवून धरले आहे, त्या बर्फामुळे ती वाढेल. आजच्या व्याख्यानाचा विषय या उत्तरार्धात सामावलेला आहे.

हिममंच म्हणजे काय?

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. ध्रुवीय प्रदेशातील बर्फाचे अनेक प्रकार आहेत आणि परीक्षेत त्यांची सरमिसळ होताना दिसते. जमिनीवर खंडभर पसरलेला बर्फाचा जाड थर म्हणजे हिमचादर. आज अशा दोनच हिमचादरी शिल्लक आहेत, एक ग्रीनलंडची व दुसरी अंटार्क्टिकाची. या चादरीतून किनाऱ्याकडे सावकाश सरकणारे बर्फाचे प्रवाह म्हणजे हिमनद्या. समुद्राचे पाणीच थंडीने गोठून तयार होणारा, साधारणतः काही मीटर जाडीचा थर म्हणजे सागरी बर्फ. तो हिवाळ्यात वाढतो व उन्हाळ्यात घटतो. हिमनद्यांचा बर्फ किनारा ओलांडून समुद्रात शिरतो, पण मागील हिमचादरीपासून न तुटता पाण्यावर तरंगत राहतो, तेव्हा त्या तरंगत्या थराला इंग्रजीत आइस शेल्फ म्हणतात. भूगोलात कॉन्टिनेंटल शेल्फसाठी 'भूखंडमंच' हा शब्द आपण वापरतो. त्याच धर्तीवर मी आज यास 'हिममंच' म्हणणार आहे. हिममंचाच्या समुद्राकडील कडेपासून सुटून मोकळा झालेला तुकडा म्हणजे हिमनग.

हिममंचाची जाडी काहीशे मीटर असते. काही ठिकाणी ती हजार मीटरहून अधिक भरते. बर्फाची घनता समुद्राच्या पाण्याहून थोडीशीच कमी असल्यामुळे त्याचा बहुतांश भाग पाण्याखाली असतो. वर दिसतो तो केवळ काही दहा मीटर उंचीचा शुभ्र कडा. जमिनीवर टेकलेल्या बर्फाचा तळ जेथे जमीन सोडतो व तरंगू लागतो, त्या रेषेस ग्राउंडिंग लाइन म्हणतात. आपण तिला 'आधाररेषा' म्हणू. ही संज्ञा लक्षात ठेवा. पुढील विवेचन तिच्याभोवती फिरणार आहे.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याच्या सुमारे तीन चतुर्थांश भागाला अशा हिममंचांची किनार आहे. त्यांचे एकत्रित क्षेत्रफळ पंधरा लाख चौरस किलोमीटरहून अधिक आहे. त्यांत सर्वांत मोठा रॉस हिममंच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा आहे. ब्रिटिश नौदल अधिकारी जेम्स क्लार्क रॉस यांनी १८४१ साली तो प्रथम पाहिला, तेव्हा पुढे जाण्याचा मार्गच या बर्फाच्या भिंतीने रोखलेला त्यांना आढळला. त्याखालोखाल फिल्शनर-रॉन हा हिममंच येतो. उत्तर ध्रुवीय प्रदेशात ग्रीनलंड व कॅनडाचे एल्समेअर बेट येथेही हिममंच आहेत, परंतु ते तुलनेने लहान असून झपाट्याने घटत आहेत. एल्समेअरवरील मिल्न हा कॅनडाचा अखेरचा अखंड हिममंच मानला जात होता. जुलै २०२० च्या अखेरीस अवघ्या दोन दिवसांत त्याचे ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्र तुटून गेले.

भारताचा या बर्फाशी असलेला संबंध

हिममंच हा आपल्यापासून सर्वस्वी दूरचा विषय आहे, असे समजण्याचे कारण नाही. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी त्या खंडावर पोहोचली. त्यानंतर १९८३-८४ मध्ये भारताने 'दक्षिण गंगोत्री' हे पहिले कायम केंद्र उभारले, ते हिममंचावरच. बर्फात गाडले जात असल्यामुळे ते १९९० च्या सुमारास सोडून द्यावे लागले. त्याआधीच, १९८९ मध्ये, शिर्माकर या हिमविरहित खडकाळ प्रदेशात 'मैत्री' हे केंद्र सुरू झाले होते. २०१२ मध्ये लार्समन टेकड्यांवर 'भारती' केंद्र कार्यान्वित झाले. आजही 'मैत्री'साठी लागणारे सामान घेऊन येणारे जहाज हिममंचाच्या कड्याला लागते आणि तेथून माल बर्फावरून वाहून नेला जातो.

या सर्व कार्याचे संचालन वास्को-द-गामा येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र करते. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराला भारत १९८३ मध्ये सहभागी झाला व त्याच वर्षी त्यास सल्लागार सदस्याचा दर्जा मिळाला. संसदेने २०२२ मध्ये भारतीय अंटार्क्टिक अधिनियम संमत केला. करारातील सल्लागार देशांची सेहेचाळिसावी बैठक मे २०२४ मध्ये कोची येथे पार पडली. वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या दृष्टीने ही माहिती उपयुक्त आहेच. परंतु तेथे संशोधन कशासाठी करावयाचे, याचे उत्तर या सनावळीत मिळत नाही. त्यासाठी हिममंचाचे कार्य समजून घेतले पाहिजे.

बांधाची किंमत

येथे मी आपणास थोडे कोकणात नेऊ इच्छितो. सुमारे तीस वर्षांपूर्वी, संशोधक विद्यार्थी असताना, मी रायगड जिल्ह्याच्या खारपट्ट्यात शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाची पाहणी करीत होतो. खाडीकाठच्या या जमिनी समुद्रसपाटीच्या इतक्या जवळ असतात, की भरतीचे पाणी रोखणारा मातीचा बांध नसेल तर तेथे भात पिकूच शकत नाही. गोव्यातील खाजन शेतीची रचनाही याच स्वरूपाची आहे. माझ्या प्रश्नावलीत मालमत्तेचा एक रकाना होता. त्यात घर, गुरे, होडी, अवजारे या सर्वांची किंमत लिहावयाची होती. एका वयोवृद्ध शेतकऱ्याला मी बांधाची किंमत विचारली. ते हसून म्हणाले, "अहो, बांध काय, मातीचाच. किंमत विचारायची ती आतल्या भाताची."

त्या बांधाला आधीच भेगा गेल्या होत्या. दुरुस्तीचा प्रस्ताव झालेला होता, पण खर्चाच्या मानाने लाभ कमी दिसतो, या शेऱ्यासह तो कागदोपत्रीच राहिला होता. पुढच्या पावसाळ्यात मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडली. एकदा खारे पाणी शेतात शिरले, की जमिनीतील मीठ पावसाच्या पाण्याने धुऊन निघण्यास काही वर्षे जावी लागतात. ती शेते तीन हंगाम पडीक राहिली. काही कुटुंबांतील तरुण मुंबईला गेले ते परतले नाहीत. ज्या हिशेबाने दुरुस्ती नाकारली गेली होती, त्यात मातीचे घनफूट मोजलेले होते; आतले भात मोजलेले नव्हते.

हिममंचाचे कार्य या बांधासारखेच आहे, फक्त येथे अडविले जाते ते पाणी नसून बर्फ असतो. हिमचादर स्वतःच्या वजनाने सतत समुद्राकडे सरकू पाहते. हिममंच दोन्ही बाजूंनी उपसागराच्या काठांना घासत असतो आणि काही ठिकाणी त्याचा तळ समुद्रातील उंचवट्यांवर टेकलेला असतो. या घर्षणामुळे व आधारामुळे तो मागून येणाऱ्या हिमनद्यांना रेटून धरतो. कलत्या भिंतीला आपण लाकडी टेकू देतो, तसा हा बर्फाचा टेकू होय. टेकूचे स्वतःचे मोल अल्प असते. तो निघाल्यावर जे खाली येते, त्यावरून त्याचे मोल ठरते.

लार्सन बी : इशारा आणि प्रचिती

टेकूची ही कल्पना दीर्घकाळ वादाचा विषय होती. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे हिमशास्त्रज्ञ जॉन मर्सर यांनी १९७८ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक लेख लिहिला. इंधनांच्या ज्वलनातून होणाऱ्या तापमानवाढीमुळे पश्चिम अंटार्क्टिकाची हिमचादर धोक्यात येऊ शकते, असे त्यांनी त्यात मांडले. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील हिममंच उत्तरेकडून दक्षिणेकडे क्रमाने फुटू लागणे, ही त्या धोक्याची पूर्वसूचना ठरेल, असेही त्यांनी नमूद केले. त्या काळी अनेकांना हे मत अतिरंजित वाटले.

१९९५ मध्ये द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरील लार्सन ए हा हिममंच कोसळला. त्याच्या दक्षिणेला असलेला लार्सन बी २००२ मध्ये फुटला. त्या वर्षी ३१ जानेवारीपासून सुमारे ३५ दिवसांत ३,२५० चौरस किलोमीटर क्षेत्राचा आणि सुमारे २२० मीटर जाडीचा बर्फ तुकडेतुकडे होऊन समुद्रात विखुरला. गोवा राज्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेची व्याप्ती कळते. समुद्रतळातील गाळाच्या अभ्यासावरून हा हिममंच सुमारे दहा हजार वर्षे टिकून होता, असे दिसते.

या घटनेने समुद्राची पातळी वाढली नाही. आर्किमिडीजचे तत्त्व खरे ठरले. पण त्यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे होते. लार्सन बीच्या मागे असलेल्या हेक्टोरिया, ग्रीन व एव्हान्स या हिमनद्यांचा वेग पुढील काही महिन्यांत अनेक पटींनी वाढला. २००३ पर्यंत तो २००० सालच्या तुलनेत सुमारे आठपट झाल्याचे उपग्रहांनी दाखविले. ज्या भागात लार्सन बीचा काही अंश शाबूत राहिला होता, तेथील हिमनद्यांचा वेग मात्र फारसा वाढला नाही. निसर्गाने जणू एक नियंत्रित प्रयोगच करून दाखविला. टेकू जेथे गेला तेथे बर्फ धावू लागला, टेकू जेथे राहिला तेथे तो सावकाशच सरकत राहिला. हा वेगाने येणारा बर्फ जमिनीवरचा असल्यामुळे त्याने समुद्राच्या पातळीत मात्र भर पडते.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. हिममंचापासून हिमनग सुटणे ही नैसर्गिक व नित्याची प्रक्रिया आहे. मागून बर्फ येत राहतो, पुढून तुटत राहतो, आणि दोन्हींचा तोल असतो तोवर हिममंच स्थिर राहतो. जुलै २०१७ मध्ये लार्सन सीपासून ए-६८ हा सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा हिमनग सुटला. त्याचे वजन सुमारे एक लाख कोटी टन होते. तो २०२१ मध्ये दक्षिण अटलांटिकमध्ये विरून गेला, परंतु लार्सन सी त्यामुळे कोसळला नाही. म्हणून प्रत्येक मोठ्या हिमनगाच्या बातमीला आपत्ती समजू नये आणि प्रत्येक हिममंचाच्या स्थैर्यावर विसंबूनही राहू नये. तोल कोणत्या बाजूला ढळत आहे, हे पाहणे आवश्यक आहे.

टेकू कशाने खचतो?

हिममंच दोन बाजूंनी दुर्बल होतात. पहिली बाजू वरची. उन्हाळ्यात हवा उबदार झाली की पृष्ठभागावर वितळलेल्या पाण्याची तळी साचतात. हे पाणी भेगांत उतरते आणि सुताराने लाकडात ठोकलेल्या पाचरीप्रमाणे त्या भेगा तळापर्यंत फाकवीत नेते. लार्सन बी इतक्या अल्पावधीत फुटण्यामागे हे प्रमुख कारण मानले जाते.

दुसरी बाजू खालची असून ती डोळ्यांना दिसत नाही. खोल समुद्रातील तुलनेने उबदार व अधिक खारे पाणी हिममंचाच्या पोकळीत शिरून त्याचा तळ वितळवते. हे पाणी गोठणबिंदूपेक्षा अवघे काही अंश उबदार असले तरी बर्फाच्या दृष्टीने तेवढे पुरेसे असते. 'सायन्स' या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अंटार्क्टिकाचे हिममंच तळाकडून वर्षाला सुमारे १,३२५ अब्ज टन बर्फ गमावतात, तर हिमनगांच्या रूपाने सुमारे १,०८९ अब्ज टन. म्हणजे हिमनगांचे नाट्य छायाचित्रांत दिसत असले, तरी मोठी झीज पाण्याखाली होत असते.

या दृष्टीने सर्वाधिक चिंता पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीविषयी व्यक्त केली जाते. तिचे क्षेत्रफळ सुमारे १ लाख ९२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ गुजरात राज्याएवढे आहे. ती संपूर्ण समुद्रात गेली तर जगाची समुद्रपातळी सुमारे ६५ सेंटिमीटरने वाढेल. आजही समुद्रपातळीच्या वार्षिक वाढीतील सुमारे ४ टक्के वाटा या एकाच हिमनदीचा आहे. तिच्या खालची जमीन समुद्रसपाटीखाली असून आत जावे तसतशी अधिक खोल होत जाते. त्यामुळे आधाररेषा एकदा मागे सरू लागली, की ती अधिकाधिक जाड बर्फाच्या भागात पोहोचते आणि समुद्राकडे वाहून जाणाऱ्या बर्फाचे प्रमाण वाढत जाते. ही प्रक्रिया एका मर्यादेनंतर स्वतःलाच गती देऊ शकते. ती पूर्ण होण्यास शतके लागतील, पण तिचा आरंभ कोणत्या पिढीच्या काळात होईल, हे आजच्या उत्सर्जनावर अवलंबून आहे.

हिशेबाची रीत

आता माझ्या विषयाकडे वळतो. अंटार्क्टिकाच्या बर्फात समुद्रपातळी सुमारे ५८ मीटरने वाढविण्याइतके पाणी साठलेले आहे. याउलट, १९९२ ते २०२० या काळात तेथील हिमचादरीने गमावलेल्या सुमारे २,६७० अब्ज टन बर्फामुळे समुद्रपातळी केवळ ७.४ मिलिमीटरने वाढली. पहिला आकडा साठ्याचा आहे, दुसरा प्रवाहाचा. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षात आपण साठा आणि प्रवाह यांतील भेद शिकतो. या भेदाकडे दुर्लक्ष करणारे दोन प्रकारच्या चुका करतात. काही जण ५८ मीटरचा आकडा सांगून भयभीत करतात, तर काही जण ७.४ मिलिमीटरचा आकडा सांगून निश्चिंत होतात. साठा व प्रवाह यांच्यामधली तोटी हिममंचाच्या हाती आहे, हे दोघेही विसरतात.

हवामानबदलविषयक आंतरशासकीय समितीच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २००६ ते २०१८ या काळात वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. २१०० पर्यंत ही वाढ १९९५-२०१४ च्या तुलनेत अत्यल्प उत्सर्जनाच्या मार्गाने ०.२८ ते ०.५५ मीटर, तर अत्युच्च उत्सर्जनाच्या मार्गाने ०.६३ ते १.०१ मीटर संभवते. हिमचादरींविषयीच्या सखोल अनिश्चिततेमुळे अत्युच्च उत्सर्जनाच्या स्थितीत ती दोन मीटरच्या जवळ जाण्याची शक्यताही नाकारता येत नाही, असे समितीने म्हटले आहे. या अनिश्चिततेचा एक मोठा भाग हिममंच किती काळ टिकतील, या प्रश्नातून येतो.

दूरच्या काळातील असे नुकसान आजच्या अर्थसंकल्पात कसे मोजावे? यासाठी अर्थशास्त्रज्ञ वटावदर वापरतात. समजा, शंभर वर्षांनी १०० कोटी रुपयांचे नुकसान होणार आहे. ७ टक्के दराने त्याचे आजचे मूल्य जेमतेम साडेअकरा लाख रुपये होते. १.४ टक्के दराने तेच मूल्य सुमारे २५ कोटी रुपये होते. नुकसान तेच, काळही तोच. केवळ दर बदलल्याने निष्कर्ष दोनशे पटींहून अधिक बदलला. निकोलस स्टर्न यांच्या २००६ च्या अहवालात या दुसऱ्या दराच्या जवळपासचा दर धरलेला होता. २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळालेले विल्यम नॉर्डहाउस यांनी त्यावर आक्षेप घेऊन बाजारातील परताव्याशी मिळताजुळता, अधिक दर धरण्याचा आग्रह धरला. पुढे मार्टिन वाइट्झमन यांनी या वादाला वेगळी दिशा दिली. संभाव्यता कमी पण हानी अपरिमित असेल, तेथे सरासरीच्या हिशेबाऐवजी विम्याचा विचार करावा लागतो, असे त्यांचे म्हणणे होते. घराला आग लागण्याची शक्यता अल्प असते, तरी आपण विमा उतरवितोच.

हिममंचांच्या बाबतीत हा शेवटचा विचार मला सर्वाधिक सयुक्तिक वाटतो. याचे कारण अपरिवर्तनीयता. कारखाना बंद पडला तर तो पुन्हा सुरू करता येतो, रस्ता खचला तर पुन्हा बांधता येतो. दहा हजार वर्षे टिकलेला आणि ३५ दिवसांत फुटलेला हिममंच कोणत्याही अंदाजपत्रकातून पुन्हा उभा करता येत नाही. कोकणातील खांड पैसे खर्चून बुजविता तरी आली असती.

भारतासमोरील कर्तव्ये

गुरुत्वाकर्षणाच्या परिणामामुळे अंटार्क्टिकाचा बर्फ घटला की त्याच्या निकटचे पाणी दूर सरकते आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीपेक्षा थोडी अधिक वाढ होते. अशा किनाऱ्यांत हिंदी महासागराचे किनारेही येतात. सुधारित मोजणीनुसार भारताच्या किनाऱ्याची लांबी ११,०९८ किलोमीटर आहे; पूर्वी ती ७,५१६ किलोमीटर मानली जात असे. या किनाऱ्यावर महानगरे, बंदरे, मिठागरे, मासेमारीची गावे आणि सुंदरबनसारखे त्रिभुज प्रदेश आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा भरतीमुळे मुंबईतील पाण्याचा निचरा कसा खोळंबला, हे आपणास ठाऊक आहे. समुद्राची सरासरी पातळी काही सेंटिमीटरने जरी वाढली, तरी भरतीच्या वेळी गटारांची मुखे पाण्याखाली राहण्याचा कालावधी वाढतो. समुद्रपातळीचा प्रश्न प्रथम जाणवतो तो असा, निचऱ्याच्या व खारपट्ट्याच्या रूपाने.

या पार्श्वभूमीवर तीन गोष्टींचा उल्लेख करतो. पहिली गोष्ट निरीक्षणाची. ध्रुवीय संशोधनावरील खर्च हा प्रतिष्ठेचा खर्च नसून किनारी नियोजनाच्या पूर्वतयारीचा खर्च आहे, या दृष्टीने त्याकडे पाहिले पाहिजे. दुसरी गोष्ट जुळवून घेण्याची. १९९१ पासून किनारी नियमन क्षेत्राच्या अधिसूचना अमलात आल्या आणि २०११ व २०१९ मध्ये त्या नव्याने काढण्यात आल्या. बांधकामाची मर्यादा ठरविताना आजच्या भरतीरेषेबरोबरच उद्याच्या भरतीरेषेचा विचार त्यांत अधिकाधिक व्हावा. कांदळवने, खारबंदिस्ती आणि खाजनांचे बांध यांच्या देखभालीला भांडवली खर्चाइतकेच महत्त्व द्यावे. तिसरी गोष्ट न्यायाची. वातावरणात साचलेल्या हरितगृह वायूंचा मोठा वाटा औद्योगिक देशांचा आहे, तर किनाऱ्यावरचे नुकसान प्रामुख्याने विकसनशील देशांतील गरिबांना सोसावे लागेल. समान परंतु विभेदित जबाबदारीचे तत्त्व, २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे मान्य झालेला हानी व नुकसान निधी आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन गाठण्याचे भारताचे उद्दिष्ट, हे तिन्ही विषय एकत्र अभ्यासावेत.

मित्रहो, आपल्यापैकी काही जण उद्या जिल्ह्यांत व मंत्रालयांत अधिकारपदावर बसतील. तेव्हा आपल्यासमोर अनेक प्रस्ताव येतील आणि त्यांत एखादा प्रस्ताव असा असेल, की ज्यातील वस्तूची स्वतःची किंमत अगदीच किरकोळ दिसेल. ती एखाद्या खाडीचा मातीचा बांध असेल, कांदळवनाचा पट्टा असेल किंवा दूरच्या बर्फावरील मोजमापाचे उपकरण असेल. त्या प्रस्तावावर शेरा लिहिण्यापूर्वी, या वस्तूने मागे काय अडवून धरले आहे, एवढा एक प्रश्न विचारावा. रायगडच्या त्या शेतकऱ्याने मला जे सांगितले, ते समजून घेण्यास मला बराच काळ लागला. आपणास तेवढा काळ लागू नये, अशी अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.